हाकलल्याचा दाखला

घरमालक वॉयचिक आजोबा सुरीने गोळीचे दोन तुकडे करत होते. वरच्या मजल्यावरच्या रोशेलचं भाडं थकल्यापासून ते औषध असंच पुरवून पुरवून खात. तिला ते बघवेना. “आजोबा, मला घराबाहेर काढताय असं लिहून द्या. त्या कागदाशिवाय सरकार भाड्यासाठी मदत देत नाही.” “पोराबाळांसकट तुला हाकलू? हात झडतील माझे!” “हाकला! पाया पडते तुमच्या!” शेवटी कुरकुरत त्यांनी कागद खरडून पाकिटात बंद करून दिला. चार तास ताटकळल्यावर सरकारी कचेरीत तिचा नंबर लागला. खिडकीतल्या बाईने शिक्का उचलला, कागद वाचला आणि शिक्का खाली ठेवला. “हे चालणार नाही.” “का? सही आहे की!” “सहीखालचं वाचा.” खाली थरथरत्या अक्षरांत लिहिलं होतं: ‘घाबरू नकोस, पोरी. मी जिवंत आहे तोवर तुला कुणीही बाहेर काढणार नाही.’