शेवटचे चार आकडे

माझ्या तोंडात उरलेल्या सात दातांची शपथ, यातला शब्दन् शब्द खरा आहे. खोटं निघालं तर सातही आजच पडोत आणि मी जन्मभर पेज पीत बसेन.

तर रुईफांग चोंगचिंगला, म्हणजे जिथे डोंगरावर एका रस्त्याच्या डोक्यावर दुसरा रस्ता आहे त्या शहरात, केबलगाडीच्या स्टेशनबाहेर उभी होती. खांद्यावर स्वतःची पिशवी, गळ्यात श्यूमिनची पिशवी आणि हातात श्यूमिनचाच फोन. श्यूमिन बायकांच्या टॉयलेटच्या रांगेत. रांग अशी, की शेवटची बाई उभी राहिली तेव्हा तिचे केस काळे होते आणि आत शिरली तेव्हा पांढरे.

दोघी वूहानच्या. कापडगिरणीत तीस वर्षं शेजारच्या मागांवर उभ्या राहिलेल्या. नवरे दोघींचे गेलेले. चार दिवसांपूर्वी सहलीला आल्या आणि चारही दिवस रुईफांग आतल्या आत भाजत होती. कारण श्यूमिनची मुलगी. ती म्हणे ग्वांगचौला बसून आईसाठी ॲपवरून गाडी मागवायची. बाईसाहेबांनी फक्त जाऊन बूड टेकायचं. ड्रायव्हर विचारायचा, "फोन नंबराचे शेवटचे चार आकडे?" की श्यूमिन ऐटीत सांगायची, "छप्पन्न ब्याऐंशी." वर गाडी दोन मिनिटं कुठे थांबली की लगेच फोन. मग श्यूमिन खिडकीकडे तोंड करून हळूच, "हो, बसले. हो, पट्टा लावलाय. हो हो, मागेच बसलेय."

रुईफांगचा मुलगा शेन्झेनला. तो नवीन वर्षाला फोन करतो. गेल्या वर्षी तोही नाही, फोनवर नुसतं हलणाऱ्या सशाचं चित्र पाठवलं.

"तुझा पोरगा नाही का गं विचारत?" श्यूमिननं त्याच सकाळी नूडल्स ओढता ओढता विचारलं होतं. "कामात असेल, बिचारा."

त्या 'बिचारा'नं रुईफांगच्या पोटात असं काही पेटलं, की वर कढई ठेवली असती तर अख्ख्या गल्लीचा हॉटपॉट, तो तिथला तिखट उकळता रस्सा, शिजला असता.

तेवढ्यात श्यूमिनच्या फोनवर आजच्या गाडीचा ड्रायव्हर. "मावशी, मी वरच्या रस्त्यावर आहे. खाली शोधू नका. अकरा मजले वर या."

गाडी धरून ठेवावी म्हणून रुईफांग लिफ्टनं वर गेली. इथपर्यंत बाई प्रामाणिक होती. वर पांढरी गाडी उभी. काच खाली झाली.

"शेवटचे चार आकडे?"

मैत्रीण मागून येतेय, जरा थांबा, एवढंच तिला म्हणायचं होतं.

"छप्पन्न ब्याऐंशी," रुईफांग म्हणाली. ऐटीत.

"बसा पटकन. इथं जास्त थांबलं की कॅमेरा पकडतो."

आणि ती बसली. एकदा, फक्त एकदा तिला कुणीतरी पाठवलेल्या गाडीत बसून बघायचं होतं. ते चार आकडे परक्या माणसाला अडवतात हो. मैत्रिणीला कोण अडवणार?

पट्टा लावला आणि गाडी उड्डाणपुलावर चढली. फोन वाजला. पडद्यावर नाव, 'मुलगी'. नाही उचलला तर पोरगी घाबरून पोलिसांना कळवायची. उचलला.

"मिनमिन, बसलीस का गं राणी?"

पुरुषाचा आवाज! सत्तरीतला, घोगरा, मधात बुडवलेला.

रुईफांगच्या तोंडून नुसतं "हं" निघालं.

"घसा बसला ना? मिरची खाल्लीस. तरी मी सांगत होतो. गाडीचा नंबर ताडून पाहिलास? ड्रायव्हरला आपण होऊन काही सांगायचं नाही, आधी त्याला विचारू द्यायचं. मी इथं नकाशावर बघतोच आहे. आणि काय गं, लेकीचा आला का फोन? नाही ना? दोन महिने झाले. जाऊ दे. मी आहे ना."

जिच्यावरून रुईफांग चार दिवस जळली, ती लेक तिच्या पोरापेक्षा काडीची बरी नव्हती. मग आता तरी जळणं थांबावं की नाही? छे! आता तर भडकाच उडाला.

पण खाली श्यूमिन फोनाशिवाय एकटी उभी असेल. त्या शहरात पैसे फोनवरूनच द्यायचे, फोनाशिवाय पाण्याची बाटलीसुद्धा मिळत नाही. रुईफांगनं लगेच फोन ठेवला आणि ड्रायव्हरला म्हणाली, "वळव बाबा गाडी."

श्यूमिन रडायच्या बेतात होती. "कुठे मेली होतीस गं भवाने?"

रुईफांगनं फोन तिच्या हातावर ठेवला. "तुझ्या लेकीचा फोन आला होता. फारच घोगरा आवाज झालाय गं पोरीचा. काढा घे म्हणावं."

श्यूमिन मिरचीसारखी लाल झाली.

बरं, आता एवढं ऐकलंत तर सांगते. एक गोष्ट मी पदरची घातली. फोन लगेच ठेवला म्हटलं ना, तो काही लगेच ठेवला नाही. "मावशी, परतीचा फाटा आला, वळू का?" ड्रायव्हरनं विचारलं, तर हिनं हातानंच नको म्हटलं. पुलाला तीन वेढे झाले. "गाडी गरागरा का फिरतेय गं?" पलीकडून तो घाबरून विचारतोय. "फाटा चुकला," ही म्हणतेय. "बरं, पट्टा तरी लावलास ना?" तो पुन्हा पुन्हा विचारत होता. आणि छातीवरचा पट्टा घट्ट धरून ही दर वेळी म्हणत होती, "नाही अजून."