यादीतलं पहिलं नाव

सिकलसेलनं दुर्गेश गेला, त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून त्याची बहीण रक्षा पीएचडीच्या नावाखाली एकच ध्यास घेऊन बसली होती. दुकानात आधीपासून मिळणारी हजारो औषधं कम्प्युटरला द्यायची आणि त्या आजारात बिघडणाऱ्या प्रथिनाला त्यातलं कोणतं नेमकं जाऊन चिकटेल, ते त्याच्याकडून काढून घ्यायचं. आज सकाळी सिंदी मेघे गावातल्या घरात, चहा निवत असताना, यादी आली. पहिलं नाव तिने तीनदा वाचलं.

"सापडली का वं दवाई?" सुमित्राबाईंनी पोळी तव्यावर टाकत विचारलं.

"कम्प्युटरचा अंदाज हाय, आई. खरा ठरायले लय वर्षं लागतीन."

"पण तिले नाव त असन ना काई?"

रक्षाने लॅपटॉप मिटला. "बाहेरदेशातली हाय ते. आपल्या इकडं भेटतच नाई."

सुमित्राबाईंची तव्यावरची पोळी उलटायची राहून गेली.

"मंग आपल्या हातात काईच नव्हतं म्हन," त्या म्हणाल्या, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांचे खांदे सैल पडले.

त्यांच्या बीपीच्या गोळीची वेळ झाली होती. अंगात कळा येत असल्या तरी दुर्गेश रोज सकाळी आठवणीनं ती काढून आईच्या तळहातावर ठेवायचा. रक्षानेही तशीच ठेवली, पाकिटावरचं तेच नाव अंगठ्याखाली घट्ट दाबून.