आबांची बाटली

"आता नाही येत शू! मघाशीच आबांच्या बाटलीत केली," चार वर्षांची मिहिका फुरंगटून म्हणाली. लॅबची रिकामी बाटली हातात धरून वृंदा बाथरूमच्या दारातच थबकली.

महिनाभर तिचे वैद्य सासरे नातीला मधातून सुवर्णभस्म चाटवत होते. पोरीच्या किडन्यांच्या काळजीने वृंदाची झोप उडाली होती, पण आबांनी स्वतः बनवलेल्या भस्मावर शंका घ्यायचा तिला धीर होत नव्हता. म्हणून त्यांच्या नकळत ती लघवी तपासून घेणार होती.

ती अंगणात धावली. उपरण्याखाली काहीतरी लपवून आबा फाटकाची कडी काढत होते.

"आबा, तुमचाच विश्वास नाही भस्मावर?"

आबा ओशाळून हसले. "भस्मावर आहे गं. पण किडन्या नातीच्या आहेत."

वृंदाने स्कूटर काढली. "बसा मागे. आणि बाटली सरळ धरा!"