दप्तरावरची अक्षरं

"ताई, पोर आठ दिवस शाळेत गेली नाही, ती तुमच्या दप्तरापायी." मी चौकशीला गेले तेव्हा पोरीच्या आईनं, शेवंतानं, दप्तरच माझ्यापुढं ठेवलं.

आमच्या महिला मंडळानं आणि शाळेनं मिळून वस्तीतल्या चाळीस मुलांना दप्तरं वाटली होती. वर ठळक छापलेलं, 'गरीब व गरजू विद्यार्थी साहाय्य'. मजकूर माझाच. मोठ्या अक्षरांचा हट्टही माझाच, लांबून वाचता यावं म्हणून.

"म्हणती, पाठीवर गरिबी लावून मी नाही फिरणार. आमच्या घरात शाळा शिकणारी ही पहिलीच. घरी बसवून कसं चालंल? म्हटलं, झाकू या." अक्षरांवर तिनं लग्नातल्या साडीचा काठ शिवायला घेतला होता. 'गरीब' झाकलं गेलं होतं, 'गरजू' अजून दिसत होतं. दाराआडून पोरगी माझ्याकडंच बघत होती.

"उद्यापासनं जाईल ती. पण ताई, हे असलं लिवायचं सुचलं कुणाला?"

"छापखान्याची चूक," मी पटकन म्हणाले.

शेवंता हसली. "असू द्या. त्याला लेकरं नसतील बिचाऱ्याला."

मला दोन मुली आहेत.

"नसतील," मी म्हणाले.