खरखर

वडिलांचा सुटकेसएवढा ग्रामोफोन दोन बहिणींनी कारागिराकडे दुरुस्तीला टाकला होता. वडील गेल्यापासून, तो कुणी न्यायचा यावरून दोघींत सात वर्षं अबोला. दुसरीने परस्पर उचलू नये म्हणून दोघी दर शनिवारी दुकानात हजर! बोलणं मात्र कारागिरामार्फत. “हिला सांगा, बाबा चावी हळू द्यायचे.” “हिला म्हणावं, मीही तिथेच होते.” आज कारागिराने स्प्रिंग बदलून चावी दिली, तबकडीवर सुई टेकवली. गाणं खणखणीत वाजलं. “झाला ठणठणीत! नेणार कोण?” दोघींचे चेहरे उतरले. कारागीर चक्रावला. आपलं काय चुकलं? “खरखरतोय,” धाकटी पुटपुटली. त्याने कान लावला. खरखर कुठेच नव्हती. “ताई, तूच सांग, खरखरतोय ना?” थोरलीने दचकून तिच्याकडे पाहिलं. “खरखरतोय तर! भाऊ, पुन्हा उघडा.” “पण बिघडलंय काय?” त्याला उमगेना. “ते सावकाश शोधा,” थोरली म्हणाली, “आम्ही दोघी बसतो.”