घोटभर पाणी

गोळी व्यंकटीच्या जिभेवरच राहिली. पाण्याची बाटली ओठाला लागताच त्यानं दात गच्च आवळले आणि तोंड फिरवलं. कोमट पाणी हनुवटीवरून जाकिटावर ओघळलं आणि बघता बघता तिथंच गोठलं.

"अप्पा, गिळा की," पुनम म्हणाली. "गिळल्याबिगर तुमाला उठता यायचं न्हाई."

व्यंकटी बर्फात फतकल मारून बसला होता. शिखर वर हाकेच्या अंतरावर दिसत होतं, पण आता त्याचं कुणालाच काही उरलं नव्हतं. उंचावरची विरळ हवा त्याला बाधली होती. पाय उचलत नव्हते, बोटांना बाटली धरवत नव्हती. एवढ्या उतारावरून त्याला उचलून नेणं पुनमला आणि लडाखी गाईड रिगझिनला जमण्यासारखं नव्हतं. गोळी पोटात गेली असती, तर तो धरून धरून का होईना, चालला असता. पलीकडच्या खिंडीतून ढग चढत होते.

बापलेकीचं हे वेड सगळ्या मुरुडला माहीत होतं. बाप एसटीचा ड्रायव्हर, लेक लातूरला कॉलेजात. गावात चढायचं म्हटलं तर पाण्याच्या टाकीच्या शिडीपलीकडं उंच काही नाही, आणि हे दोघं निघाले हिमालय चढायला. लोकांना आयती करमणूक झाली. "व्यंकटी, वर काय हाय रं? सोयाबीनला भाव हाय का तिथं?" असं विचारायचे. व्यंकटीही हसायचा. पहिलं शिखर झालं तेव्हा ह्याच लोकांनी चौकात दोघांचा फ्लेक्स लावला. जगाचं असंच असतं.

"पिलाओ बेटी, जल्दी," रिगझिन म्हणाला. व्यंकटी घसरू नये म्हणून त्यानं दोन्ही हातांनी दोर ताणून धरला होता.

पुनमनं बाटली पुन्हा पुढं केली. व्यंकटीनं सगळा जोर लावून तिचा हात झटकला. होतं त्यातलं निम्मं पाणी बर्फात गेलं.

"तू कामून पाजायलीस?" तो पुटपुटला. "मी काय मरायलो का?"

तेव्हा पुनमच्या ध्यानात आलं.

मागच्या साली आजोबा, शेषेराव, गेले. खाली घोंगडीवर काढून ठेवलेल्या म्हाताऱ्याच्या तोंडात व्यंकटीनं चमच्यानं गंगेचं पाणी घातलं. म्हाताऱ्यानं तेवढा घोट घेतला आणि मान टाकली. रीतच आहे ती. जाणाऱ्याच्या तोंडात पोटच्या पोरानं पाणी घालायचं असतं. पण व्यंकटीच्या मनानं जे घेतलं ते घेतलंच. मी पाणी घातलं म्हणून माझा बाप गेला, असं तो जेवता जेवता मध्येच म्हणायचा आणि ताटावरून उठायचा. त्यात तेराव्याला त्याच्या बहिणीनं, धोंडाबाईनं, चारचौघांत विचारलं होतं, "तुला ल्योक न्हाई. तुझ्या तोंडात पाणी कोण घालंल रं?"

व्यंकटीनं पुनमकडं बोट दाखवलं होतं. "ही घालंल की."

आणि आता तीच पाणी घेऊन त्याच्यासमोर बसली होती. बधिर झालेल्या त्याच्या डोक्याला एवढंच दिसत होतं.

"अप्पा, ते येगळं. हे औषधासाठी हाय."

"नको घालू, माय," व्यंकटी म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "मला हितं न्हाई मरायचं."

पुनमला त्याची दया आली आणि तितकाच संतापही आला. एकदा ब्रेक निकामी झालेली एसटी प्रवाशांसकट सुखरूप थांबवणारा माणूस एका समजुतीपायी लहान पोरासारखा अडून बसला होता. ती त्याच्या पाया पडली. हवं तर हात जोडते म्हणाली. तिनं आईची शपथ घातली. त्यानं आणखीच दात आवळले.

"अभी नहीं उठे तो इनको यहीं बाँधकर हम दोनों को उतरना पड़ेगा," रिगझिन म्हणाला. "मदद कल आएगी."

उद्या म्हणजे काय, ते पुनमला कुणी सांगायची गरज नव्हती.

बाटलीच्या तळाशी दोन घोट उरले होते. बर्फ वितळवायचा स्टोव्ह खाली तंबूत होता. पुनमनं बापाच्या आवळलेल्या जबड्याकडं पाहिलं. मग बाटली स्वतःच्या तोंडाला लावली आणि त्यातला एक घोट पिऊन टाकला.

"ये क्या कर रही है तू?" रिगझिननं विचारलं.

तिनं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. बाटलीची ओली कड न पुसता तिनं ती बापाच्या ओठांपाशी नेली.

"हे माजं उष्टं हाय, अप्पा," ती म्हणाली. "मरणाराला कुणी उष्टं पाणी पाजतंय का?"

व्यंकटी तिच्याकडं बघत राहिला. तो खाली पोचला नाही, तर बापाला शेवटचं पाणी उष्टं पाजलं, हे तिला जन्मभर वागवावं लागणार होतं.

व्यंकटीनं तोंड उघडलं.