हेमावतीचा जुना फोन

“चालू झाला बघा, टीचर,” कृष्णा म्हणाला आणि त्यानं हेमावतीचा जुना फोन तिच्यापुढे सरकवला. काचेला एका कोपऱ्यात तडा होता, पण बाकी सगळं ठीक दिसत होतं. नवा फोन काल शाळेच्या जिन्यावरून पडला होता, तो काही दुरुस्त होण्यातला नव्हता. कृष्णानं दोन नवी मॉडेलं काढून दाखवली. तिनं हातानंच थांबवलं. “ब्याड, नको, कृष्णा. रिटायर व्हायला आठ महिने राहिले. मला हा पुरे.”

कमरीपेठेतल्या त्या अरुंद दुकानात स्टुलावर बसूनच तिनं सिम घालून घेतलं. उद्या शाळेत येते, एवढं हेडमास्तरांना कळवायचं होतं. तिनं मेसेज उघडले. चार वर्षांपूर्वीचे सगळे जिथल्या तिथे होते. थोडं खाली सरकवताच विमलाक्काचं नाव दिसलं.

विमलाक्का तिची थोरली बहीण, सोलापूरला दिलेली. आई धारवाडला हेमावतीजवळ असायची. आई गेली त्या दिवशी दुपारी हेमावतीनं अक्काला फोन लावला होता, लागला नाही. मग तिनं मेसेज टाकला आणि फोन तिथेच ठेवून आईच्या तोंडात चमच्यानं पाणी घालत बसली. आईचे डोळे दाराकडे होते. संध्याकाळी ते मिटले.

अक्का आली तिसऱ्या दिवशी. कुणा नातलगाकडून कळलं, म्हणाली. “मला कुणी कळवलंच नाही गं,” असं म्हणत ती दारात रडत उभी होती. घर माणसांनी भरलेलं होतं. हेमावती सगळ्यांदेखत म्हणाली, “मी स्वतः कळवलं होतं. निदान आज तरी खोटं बोलू नकोस.” तिनं अक्काला आत येऊ दिलं नाही. महिन्याभरात मुलानं नवा फोन आणून दिला. त्यात तिनं अक्काचा नंबर घेतला नाही. पुढे अक्काच्या मुलीच्या, वेदश्रीच्या, लग्नाची पत्रिका आली. तीही तिनं न उघडता परत पाठवली.

आता तो मेसेज समोर होता. ‘आईचं काही खरं नाही. असशील तशी निघ.’ खाली लाल अक्षरांत काहीतरी लिहिलेलं होतं. तिनं चष्मा पुसला, पुन्हा वाचलं.

“कृष्णा, हे लाल काय आहे?”

त्यानं फोन हातात घेऊन पाहिलं. “गेलाच नाही तो मेसेज. रेंज नसंल तेव्हा.” आणि सहज विचारलं, “आता पाठवू काय, टीचर?”

तिनं त्याच्या हातून फोन हिसकावून घेतला.

बाहेर रस्त्यावर येऊन, एका बंद दुकानाच्या पायरीवर बसून तिनं अक्काचा नंबर लावला. वेदश्रीनं उचलला. “मावशी?”

“अक्काला दे जरा.”

“देते. पण मावशी, आईला वर्षभर झालं, काही लक्षात राहत नाही. कधी कधी मलाही ओळखत नाही ती.”

फोन अक्काच्या हातात गेल्याचं कळलं. श्वास ऐकू येत होता.

“अक्का, मी हेमा. तू खोटं बोलली नव्हतीस. माझाच मेसेज गेला नव्हता. आईचं काही खरं नाही, हे मी तुला कळवलंच नव्हतं गं.” ती मोठ्यानं रडू लागली. जाणारी-येणारी माणसं थबकून बघत होती.

पलीकडून अक्काचा घाबरा आवाज आला. “अगं बाई! रडू नकोस, हेमा. मी मिळेल त्या गाडीनं येते. तोवर आईजवळून हलू नकोस.”